कोण सोजर?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं की मी उठून चहा टाकायला जाते. पण उदगीरला आमच्या घरात भरदुपारी जे झालं, ते सांगते... तुम्हीच ठरवा.

माझी नात रेवा पुण्यात मोबाइलची ॲप डिझाइन करते. म्हाताऱ्या माणसांचं ऐकणारं ॲप करत होती. म्हणाली, "आजी, मनाचे डॉक्टर सल्ला देत नाहीत. गप्प ऐकतात, आपलाच शेवटचा शब्द परत म्हणतात. माणूस आपोआप मोकळा होतो. ॲपला तेवढंच शिकवलंय."

"म्हणजे हुंकार द्यायचा! ते तर मी फुकट करते."

"तू? तू मधेच ओव्याचा काढा सांगतेस!"

आणि ते वापरून बघायला दिलं कुणाला? माझ्या थोरल्या जावेला, अक्कांना. मला नाही! लग्न होऊन आले तेव्हापासून दुपारी शेंगा फोडत आम्ही दोघी बोलणार, हे ठरलेलं. आता अक्का दार लोटून त्या फोनशी. "काय एवढं बोलताव हो?" म्हणलं, तर, "काही न्हाई गं, असंच." असंच? मला तर घरात सवत आल्यासारखं झालं.

म्हणून त्या दुपारी दाराला कान लावला. अक्का म्हणत होत्या, "पोरगा नांदेडला कायमची ये म्हणतोय. मला जायचं न्हाई. कुणाला सांगू?"

"सांगू?" फोनमधली बाई म्हणाली. मग जरा थांबून — "सोजरला सांगितलं का?"

"कोण सोजर?"

"मी!" दाराआडून माझ्याच तोंडून निघालं.

सोजर माझं माहेरचं नाव. लग्नात बदललं. शाळेत गेलेच नाही, लिहायला घरीच शिकले, म्हणून कागदावरही ते कुठं नाही. सासरी कुणालाच ठाऊक नाही, अक्कांनाही नाही.

अक्का आधी दचकल्या, मग चिडल्या — "चोरून ऐकतीस व्हय गं?" — आणि मग रडायलाच लागल्या. मीच पुतण्याला फोन लावला : अक्का कुठं जाणार नाहीत.

रेवानं सगळं तपासलं. "आजी, रेकॉर्डिंगमध्ये 'सांगू?' आहे. पुढं नुसती शांतता. त्याला प्रश्न विचारताच येत नाही गं!"

पण आम्ही दोघींनी ऐकलं. कोण बोललं, आजही कळलं नाही. भीती नाही वाटत हो... जळफळाट होतो. अक्का माझ्या, नाव माझं — आणि आधी कळलं ते त्या फोनमधल्या बाईला!