काकांनी आवळलेला पट्टा

माझी मावशी रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते आणि सुटीच्या दिवशी सायकलवरून लांबचा पल्ला गाठते. हा नाद तिला काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लावला. दरवर्षी एकदा दोघे घाट उतरून समुद्रापर्यंत जात. काका गेल्यावर तिने दोनदा एकटीने ती वाट धरली आणि दोन्ही वेळा घाटमाथ्यावरूनच परतली. उजव्या पायाच्या बोटांना आधी मुंग्या येत, मग चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग होई.

तिची लेक फिजिओथेरपिस्ट. ती वैतागली. “मुंग्या आल्या की तू करतेस काय?”

“पेडलचा पट्टा आवळते. तुझे बाबा म्हणायचे, सैल पाय आणि सैल जीभ, दोन्ही घात करतात.”

“अगं आई, डब्यात मुंग्या झाल्या तर झाकण आणखी घट्ट लावतात का?”

मावशी हसली, पण पट्ट्याला हात लावू देईना. चढावर तिचे पाऊल निसटू नये म्हणून त्यातले भोक काकांनी स्वतः पाडले होते.

लेकीने तिचा पाय मांडीवर घेऊन चवडा दोन्ही बाजूंनी दाबला. मावशी कळवळली. लांबच्या पल्ल्यात पाय फुगतो, अरुंद बुटात हाडे एकमेकांजवळ येतात आणि मधली नस चेपते, असे लेकीने समजावले. मग मुद्दाम संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, दोघींनी पुढून रुंद बूट घेतले. आत चवड्याच्या किंचित मागे मऊ गादी बसवली. पेडलवर पाऊल थोडे पुढे ठेवायचे, चढावर हलका गिअर घ्यायचा, आग पेटण्याआधीच थांबून बूट काढायचे. तरीही बधिरपणा गेला नाही, तर डॉक्टर गाठायचा. सगळे मावशीने ऐकले. पट्टा तेवढा राहिला.

“बाबांनी तो तुझ्या तेव्हाच्या पायासाठी आवळला होता गं,” लेक म्हणाली. “वयाबरोबर पाऊलही पसरतं.”

थोड्या वेळाने मावशीने उठून पट्ट्याच्या टोकाकडे नवे भोक पाडले. लेकीला मदत करू दिली नाही.

पुढच्या सुटीला दुपारी समुद्रावरून तिचा फोन आला.

“पोचले.”

“आणि पाय?”

“गुण्यागोविंदाने नांदतायत.”

मग नुसता वारा ऐकू येत राहिला.

“आई?”

“काही नाही गं. वाऱ्याच्या बाजूला नेहमी ते असायचे. आज सगळा रस्ता मी सायकल कडेकडेनंच चालवली. त्यांची जागा सोडून.”