साडेसहाचं जेवण

साठी उलटल्यावर माझी झोप गेली आणि तिच्याबरोबर पोटही बिघडलं. की आधी पोटच बिघडलं होतं, ते मला सांगता यायचं नाही. दोन घास जड झाले की छातीत जळजळ, आंबट ढेकर, मग उशा रचून बसून राहायचं. नवरा शेजारी घोरत असायचा आणि मला त्याचा अतोनात राग यायचा.

मला मार्गाला लावलं ते मैत्रिणीने. आम्ही दोघींनी डोंबिवलीच्या एकाच शाळेत तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर ती मुलाकडे ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ राहायला गेली. तिचीही झोप माझ्यासारखीच उडालेली.

"अगं, माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय," ती फोनवर म्हणाली, "संध्याकाळी साडेसहाला जेवायचं. मऊ भात, मुगाचं वरण, घरचं ताक. चारनंतर चहा बंद, दुपारचं लवंडणं बंद. गोळीबिळी काही नाही आणि मला मस्त झोप लागते."

मी हट्टी बाई. धरलं म्हणजे धरलं. घरातले सगळे नऊला एकत्र जेवायचे, मी साडेसहाला एकटीच भात कालवून बसायची. चहा सोडताना डोकं ठणकलं. वामकुक्षी सोडणं त्याहून कठीण गेलं, कारण तीही झोपच असते हे मी मान्यच करत नव्हते.

अडलं ते संकष्टीपाशी. मुलगा लहानपणी काविळीने अंथरुणाला खिळला होता, तेव्हापासून मी संकष्टी धरत आले होते. दिवसभर साबुदाणा, शेंगदाणे आणि चंद्रोदय झाल्यावर, कधी नऊला, कधी दहाला, मोदकांचं पोटभर जेवण. साडेसहाच्या नियमात हे बसणार कसं? मी तिला विचारलं.

"मीसुद्धा धरायचे, पण सोडली," ती शांतपणे म्हणाली. "देव समजून घेतो गं."

ती सोडू शकते तर मीही, म्हणून मी सोडली. पहिल्या संकष्टीला साडेसहाचा भात खाताना मला रडू आलं. चंद्र उगवला तेव्हा मी गॅलरीत गेलेच नाही.

पण खोटं का बोलू, दोन-तीन महिन्यांनी गुण आला. पोट शांत झालं, सलग पाच तास झोप लागू लागली. भेटेल त्याच्यापुढे मी तिचे गोडवे गात सुटले.

मग एकदा डोळे तपासायला ठाण्याला गेले होते. नेमकी संकष्टीच होती. म्हटलं, हिच्याकडे जावं, आजच्या दिवशी दोघी मिळून साडेसहाला जेवू, मन तेवढं खाणार नाही. दार सुनेने उघडलं. तिच्या हाताला तांदळाची उकड लागलेली.

"मावशी, बरं झालं आलात. आईंची संकष्टी आहे ना, मोदक करतेय. आता जेवूनच जा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही तरी त्यांना सांगा हो. उशिरा जेवतात, वर झोपेची गोळी. तीन वर्षं झाली, सुटतच नाही."

मैत्रीण सोफ्यावर बसली होती, हातात चहाचा कप. मला पाहून तिने तो खाली ठेवला.

"संकष्टी कधी सोडली होतीस तू?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच होतं गं. मला चार दिवससुद्धा जमलं नाही. पण तसं म्हटलं असतं, तर तू केलं असतंस का?"

नसतं केलं. ते तिला माहीत होतं, म्हणून तर जास्त लागलं. इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि तिने मला तिसरीतल्या मुलीसारखं चुचकारलं होतं. गोळीचं मी समजून घेतलं असतं. पण माझा नेम तिने सोडायला लावला आणि स्वतःचा जपून ठेवला, हे मला आजही गिळता येत नाही.

सून बिचारी गोंधळून पाणी घेऊन आली, ते मी घेतलं नाही. चपला घालत होते तेवढ्यात मैत्रीण दारापर्यंत आली, माझा हात धरला.

"पण तुला झोप लागते ना आता?"

"कालपर्यंत लागत होती," मी म्हणाले.