वणव्याच्या फोनवर सांगितलेलं नाव

सुमनवहिनींचे ओठ उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. डोंगराला वणवा लागला होता आणि गुरं सोडवायला गेलेले त्यांचे मालक परतले नव्हते. मदतीच्या फोनवरची मुलगी हरवलेल्या माणसाचं नाव विचारत होती.

"आमचे हे," वहिनी म्हणाल्या.

"हे म्हणजे कोण, ताई? नावाशिवाय शोधायला कसं सांगू?"

लग्नातल्या उखाण्यानंतर वहिनींनी ते नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांनी फोन माझ्यापुढे, शेजारणीपुढे धरला. परक्या माणसाशी बोलायचं म्हणून मी मागे सरले. मग वहिनीच डोळे मिटून म्हणाल्या, "रघुनाथ." आमच्या मागे कुणीतरी फिसकन हसलं.

बाईनं जन्मभर जपलेला शब्द असा कुणाच्या तरी कागदावर जातो. त्या मुलीचंही काही चुकलं नाही.

संध्याकाळी माणसांनी मालकांना चादरीत गुंडाळून आणलं. वहिनींच्या सासूबाई त्यांच्यावर ओरडल्या, "तू नाव घेतलंस, म्हणून गेला माझा लेक!" मी जवळच उभी होते. फोन मी घेतला नाही, हे मी बोलले नाही.

तेराव्यानंतर त्या मुलीनं पुन्हा फोन केला आणि वहिनींना मन मोकळं करायला सांगितलं. वहिनींनी एवढंच विचारलं, "बाई, तुमच्या कागदावरचं ते नाव खोडता येईल का?"