मालनचे निळे ओठ

मालनचे ओठ निळे पडले होते आणि मी तिला विचारलं होतं, "एकटीनंच जांभळं खाल्लीस व्हय गं?" रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी! मैत्रिणीचं रक्त प्राणवायू धरेनासं झालंय आणि बाईसाहेब जांभळांत वाटा मागताहेत. दिवाळी तोंडावर आलेली, त्या दिवसांत जांभळं कुठून येतील, एवढंही त्या हुशार डोक्यात आलं नाही. मालन "शाले, डोकं लई दुखतंय" म्हणत कारखान्यातल्या पिंपाला टेकली आणि तशीच खाली घसरली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला शिरेतून औषध दिलं, तेही गडद निळं. तेव्हा कुठे ओठांवर रंग आला.

गेल्या महिन्यात तिच्या लेकीचा, रेखाचा, फोन आला. मी नातीची वेणी घालत होते. "मावशी, आई गेली." मी वेणी पुरी केली, रिबीन बांधली, मग खाली बसले... मूत्राशयाचा कर्करोग. महिनाभर रक्त जात होतं, तरी तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मालन मंगळवेढ्याची. सोलापूरच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो आणि पुढे एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात एकाच टेबलाशी लागलो. नायट्रोटोल्युइनपासून टोल्युडीन करायचं, ते रंगवाल्यांना जायचं. जुनी पद्धत लोखंडाचा कीस आणि आम्लाची. मागे उरायचा काळा चिखल, त्याची सगळ्यांना किळस. मी कुठल्याशा मासिकात नवी पद्धत वाचली आणि माझ्या अंगात वारं शिरलं. हायड्रोजनचा सिलिंडर नको, दाबाचं भांडं नको. अमोनियम फॉर्मेट नावाचं पांढरं मीठ स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन टाकतं, नायट्रोचं अमाईन होतं, म्हणजे आमचं टोल्युडीन, आणि मधे पॅलेडियम धातू लावलेला कोळसा. मी ऐटीत मालनला समजावलं, पॅलेडियम म्हणजे मार्केट यार्डातला अडत्या, इकडचं तिकडे करतो आणि स्वतः जसाच्या तसा. मालन म्हणाली, "आणि आपण कोण? हमाल?"

पद्धत चालली. फेस उसळायचा, अमोनियानं डोळे झोंबायचे, पण कोळसा गाळला की खाली नितळ माल. मालकांनी पेढे वाटले. मी तर हवेतच होते. लोखंडाच्या पद्धतीतही कातडीतून रक्तात शिरणारं अमाईन तेच होतं, असं मी आजही स्वतःला सांगते, आणि ते खरंच आहे. पण त्या चिखलाला कुणी उघडा हात लावत नसे. माझ्या पद्धतीनं सगळं स्वच्छ दिसायला लागलं, आणि स्वच्छ दिसणाऱ्याला कोण भितं? मालन उघड्या हातांनी पिंपं ओतायची, मीही. ओठ निळे पडले त्या दिवशी मी ढसाढसा रडले आणि मोकळी झाले. त्यानंतर रबरी हातमोजे आले. ते फाटले. नवे मागायला हवेत, असं दोघीतिघी म्हणाल्या. मी मालाचा उतारा आणखी कसा वाढेल या नादात होते. पुढे लग्न झालं, मी नोकरी सोडली. मालन तिथंच राहिली, निवृत्त होईपर्यंत.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामावर कोणती रसायनं हाताळत होता? मालननं माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. कृती हिचीच हाय." मी नावं सांगत गेले. टोल्युडीन म्हटल्यावर बाईंचा पेन थांबला. म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण हे नाव आमच्या पुस्तकात आहे."

त्या गेल्यावर मी मालनचा हात धरला. इतकी वर्षं सगळं चेष्टेवारी नेलं, तेव्हा मात्र जमलं नाही. "मालन, माझ्यामुळं झालं का गं?"

"का? आता त्याच्यावर पेपर लिवायचाय व्हय?"

"चेष्टा नको. खरं सांग."

ती हसली नाही. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "पाणी दे." मी दिलं. मला पुन्हा विचारण्याचा धीर झाला नाही... पुढच्या आठवड्यात नक्की विचारीन म्हणून मी घरी आले.

तेराव्याला गेले. माणसं पांगली, रेखा शेजारी येऊन बसली. आई माझ्याबद्दल काही बोलली का, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि माझा हुंदकाच फुटला. रेखानं माझा डोळ्यांकडे निघालेला पदर हातात धरला, हळूच खाली केला.

"मावशी, आई सांगून गेलीय. शालीला रडू देऊ नका म्हणाली. रडली की ती सगळं विसरती."