बाळाची टाच नव्हे

कल्पना करा, पोटावर हात ठेवून तुम्हाला सांगायचंय, बाळ कुठे संपतं आणि गाठ कुठे सुरू होते. तंजावूरची भुवना हे रोज करते. ती पापनाशमच्या शाळेत गणित शिकवते. बसला खड्डा लागला की तिचा हात आपोआप पोटाच्या डाव्या बाजूला जातो. बाळ हलतं. गाठ हलत नाही.

आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे छोटे मांसल कोंब, होण्याचा आजार तिला वडिलांकडून आला. कॅन्सर होऊ नये म्हणून लग्नाआधीच मोठं आतडं काढलं. मग टाक्यांच्या जागी, पोटाच्या भिंतीत, डेस्मॉइड नावाची गाठ धरली. ही गाठ अंगभर पसरत नाही, पण जागीच वाढून आतलं दाबू शकते. लिंबाएवढी होती, दिवस गेल्यावर संत्र्याएवढी झाली.

"मुलाचा हट्ट केलास, भोग आता," सासूबाई कनकलता ऐकवायच्या. लग्नाला वर्ष व्हायच्या आत 'पाळणा कधी?' म्हणून मागे लागणाऱ्याही त्याच!

सातव्या महिन्यात बांगड्या भरायचा वळैकाप्पू झाला. नवऱ्याच्या चुलतआजीने, वेंकूबाईंनी, गालाला चंदन लावून दृष्ट काढली आणि पोट चाचपलं.

"अगे, टाच लागली! पोरगाच, बघा!"

बायका हसल्या. कनकलताबाईंना सारं ठाऊक होतं. तरी म्हणाल्या, "हो हो, टाचच."

भुवनाने वेंकूबाईंचा हात बाजूला सारला आणि सासूकडे वळली. "ही गाठ आहे, आत्याबाई. घरात हिच्यावरून मला बोलता, आणि चारचौघींत हिलाच नातू म्हणता?"

"आजच्या दिवशी असलं बोलतात?"

"उद्याही बोलेन."

वेंकूबाई पुटपुटल्या, "मग मी दृष्ट कुणाची काढली गे?"



पुढच्या सोनोग्राफीला नवरा वरुणराव सोबत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भारपणात काहींची गाठ वाढते, काहींची तशीच राहते. बाळंतपणानंतर कधी आकसतेही. लहान आतडं दबलेलं नाही, आत्ता कापायला नको. लक्ष ठेवू."

"किती जणींची आकसते?" भुवनाने विचारलं.

"नक्की आकडा नाही. अशा बायकांची माहितीच थोडी आहे."

"आम्ही थोड्या आहोत, की कुणी विचारलंच नाही?"

डॉक्टरीणबाईंनी पोटावरचं जेल पुसायला कागद पुढे केला. भुवनाने तो घेतला नाही.

"एवढं तरी सांगा. मूल नसतं, तर ही वाढलीच नसती का?"