दिल्लीच्या गटाराच्या मेंबर

आमच्या मेंबरना फोनवर भांडता येत नसे. कितीही राग आला तरी फोन कानाला लावला की त्यांचा आवाज बसायचा आणि त्या म्हणायच्या, "तुमी असं करा, जागंवर या." मग तो अभियंता असो, ठेकेदार असो की पाणी सोडणारा माणूस असो, त्याला आळीत येऊन त्या खड्ड्याशी, त्या फुटक्या नळाशी उभं राहावंच लागे. तो आला की मात्र ऐकणाऱ्याला घाम फुटे. भांडण उरकलं की त्यालाच गिरणीत बसवून चहा पाजायच्या. "समोर मानूस नसला का भांडन बेचव लागतं गं," असं मला म्हणायच्या.

कर्जत–खालापूरच्या पट्ट्यातल्या आमच्या छोट्याशा शहरात त्यांची पिठाची गिरणी होती. आमच्या वॉर्डातून त्या नगरपरिषदेवर निवडून आल्या आणि तेव्हापासून त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. नवरासुद्धा 'मेंबर' म्हणे. गिरणीच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. सभागृहात हात वर केला की पुढच्या बाकावरच्या सदस्यांच्या खांद्यावर पीठ पडतं, अशी तक्रार असे. ती मला खरी वाटते.

आळीचं मोठं दुखणं म्हणजे रस्त्याखालची मोरी. अरुंद आणि खचलेली. पावसाळ्यात पाणी तुंबलं की आधी मोरीला लागून राहणाऱ्या हमीदाभाभींच्या घरात शिरायचं आणि मग ओळीने सगळ्यांच्या. नवी मोरी बांधायला नगरपरिषदेकडे पैसा नव्हता. ती खासदारांच्या निधीतून होईल असं कोणीतरी सांगितलं आणि मेंबर त्याच्या मागे लागल्या. त्यांची सगळी इज्जत त्या मोरीवर उभी होती म्हणा ना.

अशातच नगरसेवकांचा दिल्लीला अभ्यास दौरा निघाला. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवते, हिंदी बरी बोलते, म्हणून सोबतीला मेंबरनी मला ओढलं. "टीचर, तू नसलीस तर मी तिथं मुकी," म्हणाल्या. मुकी! आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या मागच्या गल्लीत बिमला नावाची एक बाई इस्त्रीचं टेबल लावायची. टेबलाच्या पायाशी गटार तुंबून वाहत होतं आणि लोकांचे धुतलेले कपडे ती डोक्याच्या वर धरून उभी होती. मेंबरनी पहिल्याच सकाळी तिला गाठलं. "तुम्हारा मेंबर किधर है? उसको जागेपर बुलाव."

बिमलाने कपाळाला हात लावला. मग आम्ही तिघी निघालो. एका कचेरीत म्हणाले, गटार आमचं नाही, रस्तावाल्यांचं. रस्तावाले म्हणाले, हा रस्ता आमच्याकडे नाही. तिसऱ्या ठिकाणी एक भले गृहस्थ भेटले. त्यांनी कागदावर चौकोन काढले, चौकोनांना बाण जोडले आणि शेवटी स्वतःच तो कागद उलटा धरून बघत बसले. कोणाची कुठली कचेरी होती ते मला आजही सांगता येणार नाही. मी मेंबरना समजावू लागले, की दिल्लीला विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहे, नायब राज्यपाल आहेत, महानगरपालिकाही आहे. पण त्या महानगरपालिकेचा कायदा संसद करते. इतकं म्हणून मी थांबले, कारण पुढचं मलाच कळेना. वर्गात हा धडा मी एका तासात संपवते.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणात एका व्याख्यात्यांनी सांगितलं, की राजधानी साऱ्या देशाची असल्यामुळे तिच्या कारभारावर अखेरचा शब्द संसदेचा. मेंबरनी हात वर केला. "म्हंजे आमच्या खासदाराचा बी?" व्याख्याते हसून म्हणाले, "हाँ जी, सभी सांसदों का." मेंबर खाली बसल्या. संध्याकाळी बिमलाकडे जाऊन तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुम्हारा मालिक तो हमारे गाव का निकला. हम बोलेंगी उसको. जबान दिया."

परतीच्या गाडीत मी रात्रभर सांगत होते, अहो, तसं नसतं. त्या विचारायच्या, "मग कसं असतं?" मला सांगता यायचं नाही.

परत आल्यावर खालापूरला खासदारांचा जनता दरबार लागला. आळीतल्या बायका टेंपो करून गेल्या. सकाळपासून ताटकळल्यावर दुपारी मेंबरना माईक मिळाला. हमीदाभाभींनी मोरीचे फोटो त्यांच्या हातात दिले. मेंबरनी ते बघितले, पदराखाली धरले आणि बोलायला लागल्या, "साहेब, दिल्लीत एक गल्ली हाय. तिथं बिमला नावाची बाई हाय..."

साहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठली दिल्ली?"

"आपलीच. तिचं गटार वाहतंय."

मंडप हसला. साहेब भले, तेही हसून म्हणाले, "बाई, तो माझा मतदारसंघ नाही."

"नाय कसा? त्यांचा कायदा तुमी करता. हात वर करताना मतदारसंघ बघता काय? तुमाला आमी निवडून दिला, म्हंजे तिच्या गटाराला आमी बी जबाबदार हाव का नाय?"

साहेबांनी स्वीय सहायकाकडे बघितलं, सहायकाने माझ्याकडे. मी छताकडे. साहेब 'बघतो' म्हणाले आणि माईक पुढच्या माणसाकडे गेला. मोरीचा विषय निघालाच नाही.

टेंपोतून उतरताना हमीदाभाभी फुटल्या. "मेंबर, आमच्या चुलीत पानी शिरतं न् तुमी दिल्लीची गटारं काढताय? तिनं तुमाला मत दिला व्हता काय?"

मेंबर हळूच म्हणाल्या, "तुमच्यासाठी भांडायला मी रोज हाय गं. तिच्यासाठी कोन हाय?"

हे कोणाला पटलं नाही. खरं सांगते, मलाही नाही पटलं. मला त्यांचा रागच आला होता. आळीचं दळण पलीकडच्या दहिवलीच्या गिरणीत जाऊ लागलं. त्या पावसाळ्यातही पाणी शिरलं आणि मेंबर हमीदाभाभींच्या घरात खराट्याने चिखल लोटायला गेल्या, तर भाभींनी खराटा काढून घेतला. त्या बिमलाच्या गटाराचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. मेंबरना फोनवर भांडता येत नव्हतं आणि दिल्लीला पुन्हा जाणं झालं नाही.

पुढे नगरपरिषदेची मुदत संपली. निवडणूक काही लागेना. सगळा कारभार एका प्रशासकाच्या हातात गेला. पाणी आलं नाही की लोक सवयीने मेंबरांच्याच दारात. भाभीसुद्धा एक दिवस आल्या, मान वळवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मोरी पार बसली." मेंबर पदराला हात पुसत कचेरीत गेल्या आणि तशाच परत आल्या. तिथे त्यांना कोणी वाईट बोललं नव्हतं. खुर्ची दिली, पाणी दिलं. फक्त विचारलं, "आपण कोण?" गिरणीच्या पायरीवर बसून मला म्हणाल्या, "झाली गं आपली बी दिल्ली."

त्याच हिवाळ्यात, गिरणी चालू असताना, त्या गेल्या. पट्टा फिरतच होता.

आजी-माजी सदस्य वारला की सभागृह शोकप्रस्ताव करतं, हे मला माहीत. मी अर्ज घेऊन गेले. कारकुनाने तो दोनदा वाचला. "सभागृहच नाही हो. प्रस्ताव मांडणार कोण?" मग आठवल्यासारखं म्हणाला, "पण सभागृहाचे सगळे अधिकार प्रशासक साहेबांकडेच आहेत." पुन्हा गोंधळला. "सूचक कोण लिहू? अनुमोदक?"

ठरलेल्या दिवशी आम्ही आळीतल्या बायका गेलो आणि भिंतीशी उभ्या राहिलो. सभागृहात सगळ्या खुर्च्या रिकाम्या. प्रशासक तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी प्रस्ताव मांडला, त्यांनीच अनुमोदन दिलं आणि आयुष्यात कधी न पाहिलेल्या बाईसाठी ते एकटे मान खाली घालून दोन मिनिटं उभे राहिले. मला हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं. मग रिकाम्या खुर्च्यांकडे बघून ते म्हणाले, "सभा तहकूब करण्यात येत आहे."

कागद आवरता आवरता त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "कशा होत्या हो या बाई?"

हमीदाभाभी पुढे झाल्या. मेंबरांबद्दल दोन शब्द बोलायचे म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि एकदम मोरीच निघाली. पाणी निघालं, चूल निघाली, मग दळण, मग हिसकावलेला खराटा. मागून आम्हीही सगळ्या एकदम बोलायला लागलो. भाभींचा आवाज चढला होता, बोट साहेबांच्या नाकासमोर होतं आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. साहेब बिचारे एकीकडून दुसरीकडे बघत विचारत राहिले, "तुम्ही नक्की कशाबद्दल बोलताय?"

ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं.