रस्त्यावरचा चोथा

पान श्वेमेईला चीनमधल्या जांगशू गावात आजही ‘दंगची बायको’ म्हणूनच ओळखतात, आणि तिला त्याचा कोण अभिमान! दंग बाओशाननं औषधाच्या दुकानात एकेचाळीस वर्षं पुड्या बांधल्या. मागं भिंतभर खण, एकेका खणात तीन-तीन औषधं. पण गड्यानं खणावरचं नाव कधी वाचलं नाही. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हात नेमका जायचा.

सत्याहत्तरच्या हिवाळ्यात कॉलेजप्रवेशाची परीक्षा दहा-अकरा वर्षांनी पुन्हा सुरू झाली, तेव्हा अख्खं गाव स्मरणशक्तीच्या काढ्यासाठी दुकानावर लोटलं होतं. श्वेमेईही रांगेत होती.

“हा प्यायला की पाठ होईल ना?”

“पुस्तक उघडलंत तर होईल,” तागडीवरची नजर न काढता दंग म्हणाला.

ती परीक्षेत साफ आपटली, आणि वसंतात त्याच्याशी लग्न करून मोकळी झाली. काय दिवस होते ते! संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या बाह्यांना वेखंडाचा वास यायचा. त्या वासासाठी तिचा जीव अजून तुटतो.

आता तोच दंग सकाळी जेवलो की नाही हे विसरतो. महिनाभर ती त्याला तोच काढा देते आहे: वेखंड, युआनझीची मुळं, ज्येष्ठमध. दोनदा उकळायचा आणि चोथा दारापुढच्या रस्त्यावर टाकायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जातं. बाकी काहीही विसरो, निदान आपल्याला विसरू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या दिवशी चोथा टाकून ती वळते तोच दंग उंबऱ्यावरून उठून आला, उकिडवा बसला आणि बोटानं चोथा चाळायला लागला.

“युआनझीच्या आतली शीर काढलेलीच नाही. पोट ढवळेल की! कुठल्या गाढवानं बांधली ही पुडी?”

श्वेमेई हरखली. सगळं आठवतंय की यांना!

मग त्यानं मान वर केली. “बाई, तुमच्या घरी कोण विसरतंय?”

“माझा नवरा,” ती कशीबशी म्हणाली. “येईल का हो आठवण परत?”

दंगनं गिऱ्हाइकाला कधी थाप मारली नव्हती.

“गेलेली येत नाही, बाई. आहे ती थोडे दिवस टिकते. त्यांच्याशी काय बोलायचं असेल ते आत्ताच बोलून घ्या.”

श्वेमेईनं हातातलं भांडं खाली ठेवलं, आणि तिथंच रस्त्यात त्याच्याशेजारी बसून ती बोलायला लागली.